एकदा सांगायचं, दोनदा म्हणायचं

मागच्या थंडीत कॉलेजातली एक तरुण प्राध्यापिका घर विचारत विचारत काशीतल्या दुर्गाघाटच्या गलीत आली. गलीतल्या गायीला वळसा घालून, दोनदा चुकीच्या दारात शिरून ती माझ्यापर्यंत पोचली तेव्हा तिला चांगलीच धाप लागली होती. कॉलेजात शिक्षकांसाठी एक कार्यशाळा होणार होती. विषय असा की दीक्षांत समारंभात प्रेरणा देणारं आणि लक्षात राहणारं भाषण कसं करावं.

"मॅडम, आपने तो इतने भाषण सुने हैं," ती म्हणाली. "बस पाँच बातें बता दीजिए."

मी तिला चहा दिला. पाच गोष्टी मला सुचेनात. तिचा चेहरा पडला, म्हणून मी तीन सांगितल्या: भाषण लहान असावं, मागच्या रांगेला ऐकू जावं आणि खायला मिळायच्या आत संपावं. तिने त्या मोबाइलमध्ये उतरवून घेतल्या आणि माझ्या पाया पडून गेली. तिन्ही खऱ्या आहेत, पण त्यांत काही विशेष नाही. जे मला खरंच माहीत आहे ते तिला सांगितलं असतं, तर तिची शेवटची ऑटो चुकली असती.

भाषणं मी पुष्कळ ऐकली हे मात्र खरं. मुलींच्या त्या कॉलेजात मी इतिहास शिकवायची आणि पदवीदानाच्या दिवशी आभार मानायची. हे काम माझ्याकडे आलं, कारण मराठी माणूस हिंदी जपून बोलतो, त्यामुळे त्याच्या हातून कुणाचा अपमान होत नाही, असं आमच्या प्राचार्याबाईंचं मत होतं. आभारात पाहुण्यांच्या भाषणाचं सार सांगावं लागे आणि सार सांगायचं तर भाषण ऐकावं लागे. सबंध सभागृहात ते ऐकणारी मी एकटीच असायची. पाहुणे स्वतःसुद्धा ऐकत असतील अशी खात्री देता येत नाही.

एका वर्षी पाहुण्यांनी मुलींना दिवे व्हायला सांगितलं. पुढच्या वर्षी नद्या व्हायला सांगितलं. लखनौहून आलेल्या एका गृहस्थांनी त्यांना गरुड केलं आणि घाईघाईने गाडी पकडली. दुसऱ्या दिवशी वर्गात मी मुद्दाम विचारत असे, की काल पाहुणे काय म्हणाले? मुली एकमेकींकडे बघत. मग एखादी म्हणे, "वही न मॅडम, जिनकी शाल बार-बार गिर रही थी?" सगळ्यांत जास्त लक्षात राहिले ते वेळेचं महत्त्व सांगणारे एक विद्वान. ते इतकं बोलले की जिलब्या थंड झाल्या. पुढल्या मुलींना ती गोष्ट आधीच्या मुली सांगत असत.

या समारंभाला माझे वडीलही दरवर्षी यायचे. ते भाषणासाठी येत नसत. बाबा वैदिक होते, ऋग्वेद त्यांना तोंडपाठ. सुरुवातीला मंगल म्हणण्यासाठी ब्रह्मघाटावरच्या आणखी दोघातिघांबरोबर त्यांना बोलावलं जाई. ते येत, स्टेजच्या कडेला आसन टाकून बसत, म्हणत, शाल-नारळ घेत आणि पाहुणे बोलायला उठायच्या आत घरी जात. घाटावर बाकीची कामं पडलेली असत. राजकीय सभांनाही ते कधी गेले नाहीत. म्हणजे भाषण ही वस्तू त्यांनी उभ्या आयुष्यात धड ऐकलेलीच नव्हती. पुढे जे झालं त्याचं मूळ इथे आहे.

त्यांना चार माणसांसमोर तोंड उघडायचे दोनच प्रकार ठाऊक होते. एक म्हणजे सगळ्यांनी मिळून म्हणणं. दुसरा म्हणजे संथा देणं. वेद शिकवायची आमच्याकडची रीत अशी, की गुरूने एक तुकडा एकदा म्हणायचा आणि थांबायचं. शिष्यांनी तो तस्साच, त्याच सुरात, दोनदा म्हणायचा. बरोबर आला तर गुरू "हं" म्हणतो आणि पुढचा तुकडा देतो. चुकला तर "हं" येत नाही. पुस्तक नाही, फळा नाही, अर्थ सांगणं नाही, आणि शाबासकी तर नाहीच नाही. आमच्या घरी माडीवर ही शाळा चाले. मी लहान असताना नांदेडहून, वाईहून, कोकणातून मुलं यायची. आमच्याकडेच जेवायची आणि पहाटेपासून म्हणायला बसायची.

मला संथा नव्हती. वेद मुलींना शिकवायचा नाही, असा घराचा नियम होता. तो कुणी मोडत नसे, कारण त्याविषयी कुणी बोलतच नसे. माडीवरच्या त्या खोलीला लागून स्वयंपाकघर होतं आणि मधल्या उंबऱ्यावर बसून मी तांदूळ निवडायची. कानाला बंदी नव्हती, तोंडाला होती. आत बाबा एकदा म्हणत, मुलं दोनदा म्हणत, तिसऱ्यांदा मी मनात म्हणे. मोठ्या भावाची मुंज झाल्यावर त्याला संथेला बसवलं. त्याने दोन वर्षांत गणिताकडे पळ काढला आणि पुढे भोपाळला जाऊन पूल बांधू लागला. ज्याला नको होतं त्याला हाताला धरून बसवत होते. मला राग यायचा. अजून येतो. इतकी वर्षं काशीत राहून तो कमी झालेला नाही.

पुढे मुलं यायची थांबली. शाळा, मॅट्रिक, नोकरी, सगळ्यांचं आपापलं सुरू झालं. शेवटचा शिष्य डिझेल इंजिनांच्या कारखान्यात नोकरीला लागला तेव्हा पेढे घेऊन आला. बाबांनी पेढा खाल्ला, "छान झालं" म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी पहाटे रिकाम्या चटयांसमोर बसून आपलं आपण म्हणू लागले. आई त्याआधीच गेली होती. घरात मी आणि ते. संध्याकाळी कधीतरी ते म्हणायचे, "हे आता माझ्याबरोबरच जाईल न." उत्तराची त्यांना अपेक्षा नसे. माझ्याकडे उत्तर होतं, पण मीही दिलं नाही. ज्याने विचारलं नाही त्याला सांगायचं कशाला, असा माझा स्वभाव आहे.

ज्या वर्षाची गोष्ट सांगते आहे ते सत्तरच्या दशकाच्या शेवटाकडचं. तीन दिवस दाट धुक्याचा कोहरा पडला होता. गंगा दिसत नव्हती, नुसती ऐकू येत होती. त्या वर्षीचे लखनौचे पाहुणे रात्रीच्या गाडीत बसले खरे, पण गाडी वाटेत कुठे उभी आहे हे रेलवेलाही सांगता येईना. सभागृहात सातआठशे मुली, त्यांचे आईबाप, विद्यापीठाचे एक प्रतिनिधी आणि स्टेजवर मधली खुर्ची रिकामी. मंगल म्हणून झालं. बाबा शाल घडी करून झोल्यात ठेवत होते. तेवढ्यात प्राचार्याबाई त्यांच्यापुढे हात जोडून उभ्या राहिल्या.

"पंडितजी, अब आप ही आशीर्वाद के दो शब्द बोल दीजिए. बच्चियाँ विदा हो रही हैं."

मी पुढे झाले. म्हटलं, "मॅडम, उन्हें आदत नहीं है." बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि मराठीत विचारलं, "मुलींना सांगायचं?"

"हो, पण नको म्हणा तुम्ही."

"किती वेळ?"

"बाबा, नको म्हणा."

त्यांनी झोला खाली ठेवला आणि परत आसनावर जाऊन बसले.

या मुली मला ठाऊक होत्या. त्या दुष्ट नव्हत्या, पण सातआठशे जणी एकत्र बसल्या की कुणी नुसतं शिंकलं तरी हसत. आणि बाबा तर धोतर, भस्म, शेंडी अशा थाटात. शेवटचा शिष्य गेल्यापासून त्यांचा आवाज पहाटेपुरता उरला होता. दिवसभर ते कामापुरतं बोलत. आता या सभागृहाने त्यांना हसून घालवलं असतं, तर उरलेला आवाजही बंद झाला असता, हे मला स्वच्छ दिसत होतं. बाकी समारंभाचं काय व्हायचं ते होवो, मला त्याची काही पडली नव्हती.

पहिली अडचण माइकची आली. बाबा उभे राहायला तयार नव्हते, कारण गुरू बसून सांगतो. माइकचा दांडा तेवढा खाली येईना. शेवटी सरस्वती-वंदनेच्या हार्मोनियमवर उशी ठेवून त्यावर माइक आडवा निजवला. मागच्या रांगांत खुसखुस सुरू झाली.

बाबांनी डोळे मिटले, उघडले आणि संथेच्या त्या सपाट, सावकाश सुरात म्हणाले, "जो सीखा है, वह भूल जाओगी."

आणि थांबले.

पदवी घेणाऱ्या मुलींना आजवर असं कुणी सांगितलं नव्हतं. सभागृह गप्प झालं. प्राचार्याबाईंना वाटलं आशीर्वाद संपला. त्यांनी टाळी वाजवली, म्हणून सगळ्यांनी वाजवली. बाबा टाळ्या संपेपर्यंत थांबले. मग मंद शिष्याला पुन्हा सांगावं तसं जरा आणखी सावकाश म्हणाले, "जो सीखा है, वह भूल जाओगी."

पुन्हा थांबले. आता हसू दाबल्याचे आवाज येऊ लागले. विद्यापीठाचे प्रतिनिधी घड्याळ बघू लागले. बाबा शांत बसून समोर बघत होते, कशाची तरी वाट पाहत होते, आणि कशाची ते माझ्या एकदम लक्षात आलं. त्यांनी मुलींना संथा दिली होती. आपण एकदा म्हटलं, आता त्या दोनदा म्हणतील आणि मग आपण पुढचं देऊ, असा त्यांचा सरळ हिशेब होता. कुणी म्हटलं नसतं तर ते संध्याकाळपर्यंत तसेच बसले असते.

मी स्टेजच्या कडेला आभाराचा कागद घेऊन उभी होते. घरात त्यांच्यामागून एक अक्षर मोठ्याने म्हणायची सोय नव्हती. हे वेदातलं नव्हतं, साधी हिंदी होती, तरी तोंड उघडेना. शेवटी उघडलं. "जो सीखा है, वह भूल जाओगी. जो सीखा है, वह भूल जाओगी." त्याच सुरात, दोनदा, भर सभेत.

बाबांनी माझ्याकडे मान वळवली नाही. समोर बघूनच ते म्हणाले, "हं."

उंबऱ्यावर बसून हे "हं" मी किती ऐकलं असेल. नांदेडच्या मुलांना मिळालेलं, भावाला अधूनमधून मिळालेलं. माझ्या वाट्याला ते पहिल्यांदा आलं. मला रडू फुटेल असं वाटलं, पण तेवढा वेळ नव्हता. पुढचा तुकडा आला.

"भूल जाओ, तो जिससे सीखा उससे पूछो."

या वेळी माझ्याबरोबर पुढच्या दोन रांगांतल्या होस्टेलच्या मुलींनी म्हटलं. मस्करी म्हणूनच म्हटलं, याबद्दल मला शंका नाही. पण मस्करीत म्हटलं तरी पाठ होतंच. "हं," बाबा म्हणाले.

"वह न रहे, तो जिसको सिखाया उससे पूछो."

आता सगळ्या म्हणत होत्या. दुसऱ्यांदा म्हणताना त्यांना सूर सापडला. आईबापही म्हणू लागले. आमचे हेडक्लार्क, जे राष्ट्रगीतालाही नुसते ओठ हलवायचे, तेही मोठ्याने म्हणत होते. प्रतिनिधींनी घड्याळावरचा हात काढला.

चौथं वाक्य यायला वेळ लागला. बाबांनी पाण्याचा घोट घेतला. ते काय सांगणार हे मला कळलं होतं आणि त्यांना ते का जड जातंय हेही तिथे फक्त मलाच माहीत होतं. मग ते म्हणाले, "इसलिए जाने से पहले किसी एक को सिखा दो."

सातआठशे मुलींनी ते त्यांना दोनदा ऐकवलं. शिष्य कारखान्यात गेलेल्या, चटया रिकाम्या पडलेल्या त्या माणसाला, एका सुरात. मी ते म्हणू शकले नाही. बाबांनी "हं" म्हटलं, झोला उचलला आणि स्टेजच्या पायऱ्या उतरून चपला शोधू लागले.

त्या वर्षी जिलब्या गरम मिळाल्या. मी आभार मानले ते लखनौच्या पाहुण्यांसाठी आधीच लिहून ठेवलेले होते, त्यामुळे त्यात "आपके विस्तृत उद्बोधन के लिए" असं राहून गेलं. कुणाच्या लक्षात आलं नाही. आभार ऐकणारी माझ्यासारखी दुसरी कुणी तिथे नव्हती.

घरी येताना मैदागिनपर्यंत रिक्शा केली आणि पुढे चालत आलो. चौखंब्याच्या पुढे आल्यावर बाबा म्हणाले, "मुली बऱ्या आहेत. धरतात लवकर."

मी म्हटलं, "हो."

"तिसऱ्याला तुझा श्वास मध्येच तुटला."

मी भडकले. "बाबा, मी नसते तिथे तर काय झालं असतं माहीत आहे का? हसून घालवलं असतं सगळ्यांनी."

"तू होतीस न," ते म्हणाले आणि हिरवे मटार घ्यायला थांबले.

मला वाटलं होतं, आता काही बदलेल. दुसऱ्या दिवशी पहाटे मी मुद्दाम हातातलं काम टाकून उंबऱ्यावर जाऊन बसले. बाबांनी पाहिलं, जरा थांबले आणि मग नेहमीसारखं आपलं आपण म्हणू लागले. मी थोडा वेळ बसून उठले आणि चुलीवरचं दूध उतू गेलं म्हणून मोठ्याने चिडचिड केली. दूध उतू गेलेलं नव्हतं.

भाषण मात्र टिकलं. त्या मुली परीक्षेला जाताना ते म्हणत, मेसमध्ये डाळ पातळ आली की म्हणत. पुढच्या वर्षीच्या मुलींना त्यांनी संथा दिली, म्हणजे चेष्टेतच, पण एकदा सांगून दोनदा म्हणवून घेत. खूप वर्षांनी बँकेत एका बाईंनी खिडकीतून माझ्याकडे निरखून पाहिलं, माझा चेक बाजूला ठेवला आणि मागच्या रांगेची पर्वा न करता चारही वाक्यं त्याच सुरात म्हटली. "मॅडम, इतिहास का एक अक्षर याद नहीं," त्या म्हणाल्या. तो इतिहास मीच शिकवला होता हे त्या सोयीस्करपणे विसरल्या होत्या. दिवे, नद्या आणि गरुड यांच्याबद्दल कुणी मला कधी काही म्हटलं नाही.

बाबा खूप जगले. ऐंशीच्या पुढे त्यांना माणसांची नावं आठवेनात. भावाला ते फोनवर "कोण?" विचारत, सकाळी खाल्लेलं दुपारी विसरत. पहाटेचं म्हणणं तेवढं तसंच होतं. त्या म्हणण्यावर मी चहा, अंघोळ, भाजी सगळं लावायची. कुठला भाग चालू आहे त्यावरून मला किती वाजले ते कळे.

अशाच एका कोहऱ्याच्या सकाळी मी भाजी चिरत होते आणि म्हणणं थांबलं.

आधी वाटलं खोकला आला असेल. मग त्यांनी मागच्या तुकड्यापासून पुन्हा धरलं आणि त्याच जागी येऊन थांबले. पुन्हा मागून धरलं, पुन्हा तिथेच. पुढचे शब्द माझ्या तोंडात तयार होते. मी सवयीने ओठ मिटून उभी राहिले.

मग पावलं ऐकू आली. बाबा भिंतीला धरून आले आणि मी ज्या उंबऱ्यावर बसायची त्याच्या पलीकडे उभे राहिले. घाबरलेले होते. त्यांना असं घाबरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

"पुढे काय?" त्यांनी विचारलं.

"मला कसं माहीत असणार?" मी म्हणाले. ते रागानेच म्हणाले. इतक्या वर्षांचा राग होता, तो नेमका तेव्हा बाहेर आला.

"इथे बसून तांदूळ निवडायचीस," बाबा म्हणाले. "ओठ हलायचे तुझे. मला तिथून दिसायचं."

"मग थांबवलं का नाही कधी?"

त्यांनी खरंच विचार केला. "चुकत नव्हतीस," ते म्हणाले.

मग उंबऱ्याला हात टेकून ते हळूहळू खाली बसले आणि माझ्याकडे बघत थांबले. मी सुरी ठेवली, हात पुसले आणि त्यांच्यासमोर बसून पुढचा तुकडा एकदा म्हटला. त्यांनी तो दोनदा म्हटला. दुसऱ्यांदा त्यांचा श्वास मध्येच तुटला, पण शब्द बरोबर होते. मी "हं" म्हणाले आणि त्याच्या पुढचं सांगितलं.